बिनरेघेची गोळी

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पेणला दिलेल्या लेकीला नाही, शेवटच्या दिवसांत माझा हात धरून पडलेल्या आईलाही नाही. गावदेवीपुढं हात जोडून उभी राहते तेव्हा ओठांपर्यंत येतं — आणि मग वाटतं, तिला ठाऊक असेल तर सांगायचं कशाला, आणि ठाऊक नसेल तर ती देवी कसली? बघा, तिथंही माझा संशय सुटत नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. उद्या रेवदंड्याच्या एसटी स्टँडवर माझ्या शेजारी बसलात आणि विचारलंत, ती बाई तुम्हीच का हो, तर मी साफ नाही म्हणेन. मला सराव आहे.

आधी सोपं सांगते. मी संशयी आहे. जन्मापासूनच असेन. कोळणीनं पापलेट पुढं केलं की मी आधी कल्ला उघडते, मग वास घेते, मग तिच्या तोंडाकडं बघते. दुकानदार म्हणाला तांदूळ चांगला आहे, की पोत्याच्या तळातला मूठभर काढायला लावते. आमचे हे मिनीडोअर चालवतात, अलिबाग ते रेवदंडा. ते म्हणतात, "हिला देव भेटला ना, तर आधी आधार कार्ड मागेल त्याचं." गाडीतली माणसं हसतात. मीही हसते. पण ते हसण्यासारखं नाही — कारण मी मागितलं. खरंच मागितलं. आणि कसं मागितलं ते सांगायला आठ वर्षं लागली.

आमचं गाव चौलच्या अलीकडं. घरामागं सुपारीची लहानशी वाडी, दहा-बारा माड, रस्त्यापलीकडं पांढऱ्या कांद्याचं शेत. घरात माणसं तीन. हे, मी आणि माझी थोरली जाऊ, हिरावयनी. थोरले दीर मी ह्या घरात यायच्या आधीच गेले. मूलबाळ नव्हतं. वयनी माहेरी परत गेली नाही, इथंच सासूच्या हाताखाली राबली आणि सासू गेल्यावर घराची थोरली झाली. चांगली होती का? होती. माझ्या बाळंतपणात तिनं माझं काय नाही केलं! लेकीला जन्म मी दिला, पण पायावर घेऊन अंघोळी वयनीनं घातल्या. हे आधीच सांगून ठेवते. पुढं ऐकताना मला सूट देऊ नका.

वयनीच्या अंगात यायचं. देवीचं वारं. एरवी कधी नाही — वर्षातून एकदाच, चैत्रात, गावदेवीची पालखी निघते त्या संध्याकाळी. सनई-ढोलांचा खालूबाजा सुरू झाला की ती बायकांतून उठायची, केस सोडायची. आधी हाताची बोटं थरथरायची, मग खांदे, मग सगळं अंग. गळ्याजवळची शीर उडताना लांबून दिसायची. मग ती बोलायची आणि गाव ऐकायचं. कुणाची म्हैस कुठल्या अंगाला गेली, कुणाच्या पोरीचं यंदा जमेल का, कुणी कुणाचा बांध कोरला. हळदीकुंकवाला जिला कुणी बोलवत नाही, तिच्या पायावर त्या संध्याकाळी सरपंचसुद्धा डोकं ठेवायचा. वर्षभर ती कुणाची तरी विधवा होती, आणि एक संध्याकाळ ती गावाची आई होती. हे मला तेव्हा कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. म्हणूनच खुपत होतं.

खुपायला कारणही होतं. लग्नानंतरचं दुसरं वर्ष. पालखीच्या दिवशी सकाळी मी चुलीपाशी ह्यांना हळूच म्हटलं, आपण वेगळी चूल मांडू या. पडवीत वयनी तांदूळ निवडत बसली होती. मधे कुडाची भिंत. आता तुम्हीच सांगा — कुडाच्या भिंतीतून किती ऐकू येतं? संध्याकाळी वारं आलं. मी माझ्या हातचा पहिला निवद घेऊन रांगेत उभी, वडे आणि तांदळाची खीर. वयनी माझ्यासमोर आली आणि तिनं ताट हातानं मागं सारलं. "धाकटीच्या हातचा निवद मला चालायचा न्हाय. तिचं मन दुसऱ्या चुलीवर हाय." सगळं गाव होतं. सासू होती. माझा भाऊ पाहुणा आला होता, तोही तिथंच. खीर ताटात सांडली होती आणि मला ती पुसायलाही सुचलं नाही.

तेव्हापासून मी निवद केला नाही. सासूनं करू दिला नाही आणि पुढं मलाच नको झाला. सणाच्या सकाळी वयनी सोवळ्यात चुलीपुढं आणि मी बाहेर नळावर भांडी घासायला. बावीस वर्षं. वेगळी चूल राहिली बाजूला, होत्या त्या चुलीवरूनही उठवली मला! आणि एकच किडा डोक्यात — देवी बोलली, की जाऊ बोलली? देवी बोलली असेल तर माझं चुकलं, मी नाक घासते. पण जाऊ बोलली असेल तर? सकाळचं ऐकून संध्याकाळी देवीच्या तोंडानं माझा काटा काढला असेल तर? विचारणार कुणाला? देवीला विचारायचं तर तीही वयनीच्याच तोंडानं बोलणार.

मग मी आशा झाले. गावाची आशाताई. प्रशिक्षण झालं, रजिस्टरं आली, दारोदार फिरणं आलं, पुढं बीपीचं मशीनही हातात आलं. मशीन मला फार आवडलं. ते कुणाची भीड ठेवत नाही. माणूस म्हणतो मला काऽही होत नाही, आणि मशीन आकडा दाखवतं. घरातच लावून बघावं म्हणून पहिला पट्टा वयनीच्या दंडाला गुंडाळला, तर आकडा बघून माझेच डोळे पांढरे झाले. नाडी धरली, ती मोजता मोजेना. "धडधडतं गो कधी कधी," वयनी म्हणाली. "वाडीला पाणी लावून आले का बसावं लागतं. देवीचं असंल." देवीचं असेल! ते वाक्य मी जपून ठेवलं.

ह्यांच्या गाडीतून तिला अलिबागला नेलं. डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, रक्त तपासलं आणि एक लहान पांढरी गोळी लिहून दिली. हृदयाचा वेग आवरणारी, बीपीही उतरवणारी. "बीटा ब्लॉकर म्हणतात हिला," ते मला म्हणाले, मी आशा म्हणून. त्याआधी विचारून घेतलं — दमा आहे का, साखर आहे का, दुसरं काही औषध चालू आहे का. मग सगळं समजावलं. रोज ठरल्या वेळेला, न्याहारीबरोबर. हातपाय गार पडतील, सुरुवातीला थकवा वाटेल. अंथरुणातून एकदम उठायचं नाही, आधी बसायचं, मग उभं राहायचं. एखाद्या दिवशी राहून गेली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. श्वास लागला, चक्कर आली, नाडी फार मंद वाटली तर लगेच यायचं. आणि शेवटी टेबलावर बोट आपटून, "मनानं बंद करायची नाही. एक दिवससुद्धा नाही. थांबवायचीच झाली तर मी हळूहळू उतरवीन. एकदम सोडली तर आवरून धरलेलं हृदय उसळतं. झटकासुद्धा येतो त्यानं." हे मी ऐकलं. वहीत लिहून घेतलं. पुढं गावात आणखी कुणाकुणाला तीच गोळी लागली, त्यांच्या ओटीवर बसून मी हेच सांगितलं, बोट आपटून. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

वयनीला लिहिता-वाचता येत नाही. दवाखान्यातच तिनं गोळी तळहातावर घेतली, अंगठ्यानं चाचपली. "मधी ही रेघ कशाला गो?" अर्धी करायची वेळ आली तर मोडायला सोपी, डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून ती तिची रेघेची गोळी झाली. पण कामाच्या गडबडीत आजची घेतली की ती कालची, असा घोळ व्हायला लागला, म्हणून मी सात खणांची प्लास्टिकची डबी आणली. दर रविवारी पाकिटातल्या सात गोळ्या काढून मी ती भरायची. रोज सकाळी तिनं एक खण उघडायचा. डबी मी भरते म्हणून ती निर्धास्त. "कुंदा हाय ना," म्हणायची.

गोळीनं गुण दिला. धडधड गेली. बीपी जाग्यावर आलं. आणि चैत्रात वारं आलं नाही.

खालूबाजा वाजत राहिला. वयनी केस सोडून पालखीपुढं उभी राहिली — उभीच राहिली. बोटं हलली नाहीत. वाजवणाऱ्यांनी जोर केला, गुरवानं अंगारा लावला, बायका "ये गो आई, ये" म्हणून विनवायला लागल्या. वयनी आपली शांत, बाजारात पिशवी घेऊन उभी असल्यासारखी. शेवटी तिनंच केस गुंडाळले आणि मागं जाऊन बसली. देवी रुसली, कुणीतरी म्हणालं. सगळे हळहळले. माझ्या पोटात काय झालं सांगू? आनंद झाला. खोटं कशाला बोलू? अहो, बटणापेक्षा लहान गोळीनं जी अडते ती देवी कसली? पण आनंद दोन दिवसच टिकला. संशय म्हणजे खरजेसारखा — खाजवला की वाढतो. गोळीनं धडधड थांबली म्हणून वारं थांबलं? की मुळात सोंगच होतं, आणि हात थरथरेनासे झाले तेव्हा तिला सोंग जमलं नाही? की खरंच देवी होती आणि खरंच रुसली?

वर्षभर वयनी मान खाली घालून वावरली. गल्लीतून जाताना बायका थांबवून आपलं काही विचारायच्या, त्या विचारेनाशा झाल्या. दुसऱ्या वर्षी पालखीला आठ-दहा दिवस होते. आम्ही दोघी पडवीत कांद्याच्या माळा विणत होतो. ती म्हणाली, "कुंदे, एक इचारू? गोळीनं तर वारं आडलं न्हाय ना? चार दिस न्हाय घेतली तर?" मी ताडकन म्हटलं, "खुळी का काय, वयनी! एक दिवस सोडायची नाही. मरशील." ती बरं म्हणाली. "तू म्हणशील तसं." आणि माळ विणत राहिली. रात्री जेवताना मी हे ह्यांच्याही कानावर घातलं — बघा, वयनीच्या डोक्यात काय खूळ आलंय. हे लक्षात ठेवा. पुढं हेच तिच्यावर शेकलं.

इथपर्यंत मी बरोबर होते. नाही का? कुठल्याही आशानं हेच सांगितलं असतं. इथं उठले असते तर आज तुमच्यापुढं ही बडबड करत बसले नसते.

पण तिच्या त्या प्रश्नानं मला रस्ता दिसला. तिनं ठरवून गोळी सोडली असती तर तिला ठाऊक असतं, आणि ज्याला ठाऊक आहे तो सोंग वठवू शकतो. पण तिला वाटतंय गोळी चालू आहे आणि गोळी मात्र नाही — मग? मग जे होईल ते खरं. वारं नाही आलं तर सोंग पकडलं. आलं, तर ते नुसतं काळजाचं धडधडणं, माझ्या मशीनवर दिसेल असं. दोन्हीकडून मीच जिंकणार होते. देवी कुठल्या बाजूला होती? तिला मी ह्या हिशोबात धरलंच नव्हतं.

पालखी शुक्रवारी होती. आदल्या रविवारी मी डबी भरायला बसले. मला पित्ताच्या गोळ्या असतात. लहान, पांढऱ्या, गोल, जराशा फुगीर. मधे रेघ नाही. मी — मी सातही खणांत त्या टाकल्या. झाकणं लावली. वयनीच्या गोळ्यांचं पाकीट रजिस्टरांखाली सरकवलं आणि भाकऱ्या थापायला गेले.

हेच ते. हेच सांगायचं होतं. तुम्ही म्हणाल, बाई, तुला परिणाम कळला नसेल. कळला होता. वहीत माझ्या अक्षरात होता.

सोमवारी, मंगळवारी काही नाही. मी तिला चोरून बघत होते, येता-जाता. ती पहाटेच्या अंधुक उजेडात खण उघडायची आणि गोळी तोंडात टाकायची. बुधवारी ती वाडीतून आली आणि पायरीवर बसली. "आज काळीज वर आल्यावानी वाटतंय गो." मी मनगट धरलं. नाडी धावत होती. बुधवार होता. रजिस्टरांखालचं पाकीट हाताच्या अंतरावर होतं. डॉक्टरांचा नंबर फोनमध्ये होता. मी म्हटलं, "उन्हाचं असेल. कैरीचं पन्हं देते." आणि पन्हं करून दिलं, वेलची घालून. पन्हं पिऊन ती म्हणाली, बरं वाटलं. मरेपर्यंत मी पन्ह्याला तोंड लावणार नाही, पण त्यानं कुणाचं काय भलं होणार?

शुक्रवारी खालूबाजा सुरू झाला आणि पहिल्याच तालाला वयनीची बोटं थरथरली. मग खांदे. मग सगळी. अशी आली नव्हती कधी! गाव ओरडलं — आई आली, आई आली! बायका रडायला लागल्या. मी मुद्दाम पुढं उभी होते, तिच्या गळ्याची शीर दिसेल अशी. ती नुसती उडत होती. मला वाटलं, पकडली. हे काळीज आहे, दुसरं काही नाही.

आणि ती थांबली. केसांतून तिनं सगळ्यांवरून डोळे फिरवले. "धाकटी कुठं हाय?" गर्दी बाजूला झाली. आता ही सगळं सांगणार, मला वाटलं — डबी, पाकीट, सगळं. ती माझ्यासमोर आली, घामानं निथळत, ओठ काळेनिळे. तिनं दोन्ही हात पुढं केले. "तुझा निवद दे. लई वर्सं झाली." माझ्याकडं काय होतं? बावीस वर्षं मी निवद केला नव्हता. मी रिकाम्या हातांनी उभी. वयनी हात पसरून तशीच थांबली, मग छातीवर मूठ दाबली आणि माझ्या पायांशी पडली.

गावाला वाटलं, देवी गेली. माझं मला ठाऊक होतं काय झालं ते. मीच ओरडले, गाडी काढा. मीच वाटेत तिची छाती चोळली, तिला हाका मारल्या. लोक आजही म्हणतात, आशाताई होती म्हणून वाचली.

दवाखान्यात दुसऱ्या दिवशी ती जरा बोलती झाली. झटका होता. डॉक्टर कागद बघत होते. "गोळ्या बंद केल्या होत्या?" त्यांनी तिला विचारलं. ती नाही म्हणाली. "खरं सांगा आजी. नियमित घेणाऱ्याची नाडी अशी नसते." "देवीची आण. एक दिस चुकवली न्हाय." तेव्हा हे मधे बोलले, बिचारे, चांगल्या मनानं — डॉक्टर, तिच्या मनात चार दिवस सोडायचं होतं, पालखीसाठी. डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. वयनीनंही बघितलं. आणि मी म्हटलं, "मी तर डबी भरून देते, डॉक्टर. गिळते का नाही, ते मी कसं सांगणार?"

एवढंच. एक अक्षर खोटं नव्हतं त्यात. आहे का? बघा शोधून.

वयनीनं माझ्यावरची नजर काढली आणि भिंतीकडं तोंड केलं. ती पुन्हा त्यावर बोलली नाही. डॉक्टर मला म्हणाले, आता ह्यांच्या भरवशावर ठेवू नका, तुम्ही हातानं द्या, समोर गिळायला लावा. आणि ती गोष्ट आमच्या आधी गावात पोचली. हिराबाईनं वारं यावं म्हणून गोळ्या टाकल्या आणि वर देवीची खोटी शपथ घेतली! ज्या बाईच्या एका शब्दावर लोकांनी बांध मागं घेतले होते, तिच्या शपथेला आता कुणी विचारेना. पुढच्या चैत्रात ती पालखीला गेली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. दम लागतो, चुलीपुढं उभं राहवत नाही. निवद आता मी करते. वडे आणि तांदळाची खीर. सगळे म्हणतात, छान झालीय.

आणि आता संशयाची पाळी आली तीही सांगते. घरी आल्यावर पहिल्या सकाळी मी गोळी तिच्या तळहातावर ठेवली. तिनं लगेच तोंडात टाकली नाही. अंगठा गोळीवरून फिरवला, सावकाश, इकडून तिकडं. रेघ लागली. मग गिळली. दुसऱ्या दिवशी तसंच. आठ वर्षं रोज सकाळी तसंच. सवय असेल, मी स्वतःला सांगितलं. म्हाताऱ्या माणसांना चाळे असतात. की तिला माहीत आहे? की त्या पाच दिवसांत तिच्या बोटाला रेघ लागली नव्हती, हे तिच्या ध्यानात आहे? मग ती बोलत का नाही? मला अडकवायला थांबली आहे का? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, माझं तर दिवसाढवळ्या तेच. ती लेकीशी फोनवर हळू आवाजात बोलायला लागली की मी दाराशी उभी. इतकी वर्षं कुडाच्या भिंतीमागून ती ऐकत होती का, म्हणून मी जळले — आणि आता भिंतीला कान लावून मीच.

मागच्या महिन्यात मेडिकलवाल्याकडं नेहमीच्या कंपनीची गोळी नव्हती. औषध तेच, ताकद तीच, कंपनी दुसरी. मी पाकिटावरचं नाव दोनदा वाचलं, डॉक्टरांना फोन करून विचारलं. चालेल म्हणाले, तेच आहे. गोळी लहान, पांढरी, गोल. मधे रेघ नाही.

सकाळी तिनं न्याहारी केली. नाचणीची भाकरी, दूध. मी गोळी तिच्या हातावर ठेवली. अंगठा फिरला. थांबला. पुन्हा फिरला. तिनं वर बघितलं. मला सांगायचं होतं, वयनी, कंपनी बदललीय, मी डॉक्टरांना विचारलंय. एवढं साधं वाक्य! रोज परक्यांच्या दारात शंभर वाक्यं बोलते मी. मी पाण्याचा तांब्या उचलला.

"अशी मागं पण दिली होतीस," ती म्हणाली. "पालखीच्या आठवड्यात." आवाजात राग नव्हता. कालचं कालवण कसं झालं होतं ते सांगावं, तशी म्हणाली.

म्हणजे तेव्हाच. पहिल्याच सकाळी, अंधुक उजेडात, तिच्या बोटाला कळलं होतं. आणि डबी मी भरली होती म्हणून तिनं गिळली. की वारं परत हवं होतं म्हणून गिळली? डॉक्टरांनी विचारलं तेव्हा, गावानं तिला खोटारडी ठरवलं तेव्हा, एक वाक्य बोलली असती तर मी संपले असते. बोलली का नाही? माझ्यावर दया केली? की मला तिनं आठ वर्षं असंच भाजत ठेवलं? मला कुणाची दया घ्यायची सवय नाही हो. कुणी चांगलं वागलं की मी आधी कल्ला उघडून बघते. हे काय आहे ते मला अजून कळलेलं नाही, आणि विचारायचं तोंड माझ्याकडं नाही.

मी उभीच होते. ती वाट बघत होती, हातावर गोळी घेऊन. मी तेव्हाही बोलले नाही.

"पाणी दे गो," ती म्हणाली.

मी तांब्या पुढं केला. तिनं गोळी तोंडात टाकली आणि पाणी प्यायली. गोळी खरी होती. पण ते तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.